विमानावरचा पाचवा हात

१

आसेगावच्या माळावर, कापसाच्या रिकाम्या गोदामात उभ्या असलेल्या पांढऱ्या विमानाच्या कुशीवर संध्याकाळी पाच सवाष्णींनी हळदीचे पाच हात उमटवले. सकाळी दार उघडलं तेव्हा चार हात पिवळे होते. पाचवा लाल झाला होता.

राखणदार सोमला बोंबलत सुटला तो देशमुखांच्या ओसरीवर येऊनच कोसळला. न्याहारीची वेळ होईस्तोवर गावात एकच वाक्य या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर चाललं होतं : विमानानं रक्त मागितलं.

आणि त्याच दिवशी, उन्हं कलली की त्याच विमानात बसून देशमुखांचा एकुलता एक रामकिसन पहिल्यांदा आपल्या गावावरून उडणार होता.

मी मंगरूळपीरचा अडत्या. शेतकऱ्याचा माल पारखता पारखता त्याचं तोंडही पारखायची खोड लागलेली. माझ्या दुकानामागे लखीराम ठाणेदार राहतात. पेन्शन घेतल्यापासून त्यांनी वांगी लावली होती, आणि ज्या नजरेनं पूर्वी दरोडेखोर न्याहाळत त्याच नजरेनं आता वांग्यातली अळी न्याहाळत. देशमुखांची दमणी दारात थांबली तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस होता.

"मालकिणीनं, गोजराबाईनं सांगतलं," गाडीवान म्हणाला, "बैल मेले तरी चालतीन, ठाणेदाराले घेऊनच ये."

"बैलाईनं काय बिघडवलं बाईचं?" लखीराम हात धुता धुता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चाल अडते. मले माणसं नुसती पकडता येतात. तुले तोलता येतात."

वाटेभर गाडीवान काय घडलं ते सांगत होता. लखीराम डोळे मिटून ऐकत होते. आसेगावची शीव आली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बंदा हात लाल झाला, का मधातच?"

गाडीवानानं मागं वळून पाहिलं. "मधातच, सायेब. तुमाले कोणं सांगतलं?"

 दमणी थांबेपर्यंत लखीरामांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत.

२

महायुद्ध संपून दोन उन्हाळे लोटले होते. लष्करानं नको झालेली लहान विमानं विकायला काढली, आणि हवाई दलातून परतलेल्या रामकिसननं बापाला एक घ्यायला लावलं. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. आलं तेव्हा त्याचा रंग चिखलात लोळलेल्या म्हशीसारखा होता. लष्करी खुणा पुसून नवा रंग दिल्याशिवाय ते उडवायची परवानगी नव्हती.

रंगवायला बोलावलं चंपतला. म्हणजे पोळ्याला बैलांची शिंगं आणि एरवी खाचरं-बैलगाड्या रंगवणारा. त्याच्यावर देखरेख रामकिसनच्या थोरल्या चुलतभावाची, शालिग्रामची. लष्करातून आलेला मिस्त्री बाबूसिंग त्या दोघांना शिकवी : कापडावर पातं चालवायचं नाही, जुना रंग ओल्या फडक्यानं उतरवायचा, फाटलं असेल तिथं ठिगळ चिकटवायचं, आणि वरून एक पातळ वार्निश फिरवायचं. त्या वार्निशाला तो डोप म्हणे. ते लावलं की कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताठ होई, आणि गोदामभर पिकल्या केळ्यांचा वास सुटे. मी एकदा पाहायला गेलो होतो. तासाभरात डोकं दुखायला लागलं. शालिग्राम मात्र शेवटापर्यंत उभा राहून सगळं बारकाईनं पाहत होता.

चंपतनं शेपटावर आपल्या मनानं एक मोर काढला. रामकिसननं तो सगळ्यांदेखत पुसायला लावला. आठवड्याभरापूर्वी विमान दुधासारखं पांढरं होऊन वाळलं, आणि काल गोजराबाईनं, नव्या गाडीची करतात तशी त्याची पूजा केली. नारळ, गूळ, चणे, आणि पाच सवाष्णींचे पाच हात. पहिला तिचा. शेवटचा पंचफुलेचा, म्हणजे शालिग्रामच्या बायकोचा.

आम्ही आत शिरलो तेव्हा गोदामात गारवा होता, आणि पिकल्या केळ्यांचा मंद वास. "प्रसादाची केळी हायेत काय?" मी हळूच म्हणालो; भूक जाणवली होती. कोपऱ्यात पूजेचं ताट तसंच पडलं होतं. हळद कडेला सुकलेली.

हात ओळीनं उमटले होते, पंखापासून शेपटाकडे. पहिले चार विमानाला पुढं ढकलत असल्यासारखे, अंगठे नाकाच्या दिशेला. पाचवा जणू हट्टाला पेटलेला, शेपटाकडे अंगठा काढून मागं ओढत होता. बोटं पिवळी होती. तळवा लाल, मधोमध गडद. पांढऱ्या रंगावर तो डोळा उघडल्यासारखा दिसत होता. 

"ठाणेदार," मागून गोजराबाईचा आवाज आला. धिप्पाड बाई, डोळे मात्र रडून बारीक झालेले. "चुना लागला का हळद लाल होते, थे मले कोणी शिकवू नये. घरचं कुंकू मीच करतो. पण चुना लावला कोणं, अन् काहून?"

"आई, हळदीनं विमान पडत नाही." रामकिसन पंख्याजवळ उभा होता. उंच, देखणा, आणि आपण मरणार नाही अशी खात्री असलेला. "बाबूसिंगनं मशीन पाहिलं. बाबा वाशीमहून पाहुणे घेऊन येत आहेत. हजार माणूस माळावर जमेल. त्याईले काय सांगू, हळद लाल झाली म्हणून भेलो?"

"पोट्टा आइकत नाही," बाई म्हणाली. "उन्हं कलाच्या आत मले सांगा, ठाणेदार. नाई तं मी त्या पंख्यापुढं आडवी होतो."

लखीराम हातांच्या ओळीवर बोटाची टिचकी मारत चालले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. कापड टणटण बोललं.

पाचव्यावर टिचकी मारली. तो बोलला नाही. नुसता थपकन वाजला.

३

"पूजेनंतर कोण कोण अंदर गेलं?" लखीरामांनी सोमलाला विचारलं.

"तिघं, सायेब. चंपतभाऊ कुंचे धुवाले. मिस्त्री मशीनीत तेल टाकाले. अन् शालिग्रामदादा, दिव्यापाशी हरिपाठ म्हणाले. दिवा इझाला नाई पाह्यजे, असं गोजराकाकीनं सांगतलं व्हतं. तिघाईलेही येळ लागला. मी दारातच व्हतो."

"झोपला नाई?"

"आता सायेब," सोमला जमिनीकडे पाहत म्हणाला, "तिघाईच्या येळेले तं नाईच झोपलो."

चंपत गोदामाच्या सावलीला उकिडवा बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. बोलायच्या आधी त्यानं कमरेची चंची काढली. उजव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, डाव्या अंगठ्यानं कसकसून मळली आणि ओठात टाकली. मग म्हणाला, "मलेच पकडाचं असंन ना? पकडा."

"काहून? तुवं काय केलं?"

"माहा मोर पुसला त्याईनं. लोकाईले वाटते म्या करणी केली." चंपत थुंकला. "सायेब, शिंगं रंगवताना बैल लाथ मारते. म्हून काय मी बैलाले मारतो? मोर चांगला व्हता, थे मात्र खरं."

"हातात चुना तं हाय तुह्या."

"चुना बंद्या आसेगावाच्या हातात हाय. बाया सोडून." तो मिशीत हसला. "अन् शालिग्रामदादा सोडून. त्याईनं माळ घातली, तंबाखू सोडली. देवमाणूस."

बाबूसिंग इंजिनाचं झाकण पुसत होता. तोंडात सिगारेट, आणि भोवती उडत्या वासाचे डबे. मी जरा दूर सरलो.

"पेट घेईन ना रे बाबा," मी म्हणालो.

"लढाईत नाही घेतला तर आता काय घेते, सेठ." त्यानं लखीरामांना सलाम ठोकला. "हुजूर, परवा एक एक गोष्ट तपासली. पंख, चाकं, शेपटाच्या तारा. सगळं फस्क्लास. आज पुन्हा पाहिलं. दांडा ओढला का शेपूट हलते. बास."

"तारा दिसतात का?"

"दोन्ही टोकं दिसतात. मधात कापडाच्या अंदर जातात. तिथं पाहाचं तर कापड फाडा लागते. नव्या रंगावर कोण पातं चालवते?"

"दांडा तुमी जोरात ओढला?"

"जमिनीवर जोर कायले? जोर वर लागते, हवेत. उतरताना दांडा पोटाशी ओढला का."

"रामकिसन पडला तं तुमचं काय जाईन?"

बाबूसिंगनं सिगारेट काढली. "माझी भाकर जाईन, हुजूर. मला दुसरं कोण ठेवते? इथं बाकी सगळ्यांकडे बैल हायेत." तो हसला, पण हसणं ओठांपर्यंतच आलं. "आणि एक सांगू? मी आठवड्यापासून डोपचा डबा उघडला नाही. पण डब्याचं झाकण आज मला उलटं बसलेलं सापडलं."

४

शालिग्राम देशमुखांच्या ओसरीवर बसला होता. आमच्या बाजारात शुद्ध माल म्हटला की मी आधी पोत्याच्या तळाशी हात घालतो. पण या माणसाच्या तळाशी हात घालावा असं कुणाला वाटलंच नसतं. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर धुवट उपरणं, बोलणं हळू. त्यानं आमच्यासाठी ताक मागवलं. स्वतः एक लवंग तोंडात टाकली.

"रामकिसनले म्या कडेवर खेळवला," तो म्हणाला. "त्याले म्हणा, आज उडू नको. माहं थो आइकणार नाई."

"तुमी म्हणून पाह्यलं?"

"म्हणलं तं चिडते." त्यानं हात जोडले. "देवाची मर्जी."

"उडाची पट्टी कोणत्या वावरात केली?" लखीरामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

शालिग्रामचे जोडलेले हात अजून जोडलेलेच होते. "विहिरीपाशी. सपाट हाय म्हून. माह्या बाच्या वाट्याचं. तथी हळद व्हती. यंदा शेवटची काढली."

"मोबदला?"

"घरातल्या घरात कायचा मोबदला, ठाणेदार? काकाजींनं सांगतलं, म्या हाव म्हणलं."

मी मनात तोलून पाहिलं. इतकं गोड बोलणारा शेतकरी माझ्या दुकानात आला असता तर मी त्याचं पोतं दोनदा मोजलं असतं. पण माळ घातलेल्या माणसाला तोलायला आमचा तराजू लाजतो. आसेगावचा तर कधीच लाजून खाली बसला होता.

पंचफुला ओसरीसमोरच्या विहिरीच्या काठाशी एकटी होती. सकाळपासून तिच्याजवळ कुणी फिरकलं नव्हतं. तिला मूल नव्हतं, आणि गावाला कारण मिळालं होतं. आम्ही जवळ गेलो तेव्हा पाण्याला आलेल्या दोन बायका घागरी अर्ध्या टाकून परतल्या.

"वांझेनं हात लावला म्हून रक्त निंगालं म्हणतेत," ती म्हणाली. रडत नव्हती. "माह्या हाताले काय हाय, पाहा." तिनं उजवा हात पुढं केला. बांगड्या किणकिणल्या. हळदीची पिवळी छटा अजून नखांत होती.

"काल तुवं हाच हात लावला?"

"मंग? शुभाच्या कामाले कोणी डावा हात लावते काय?"

लखीराम तिच्या हाताकडे पाहत उभे राहिले.  मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुह्या घरी तंबाखू कोण खाते?"

पंचफुलेनं विहिरीत पाहिलं. मग देशमुखांच्या ओसरीकडे. ओसरीवरचं धुवट उपरणं आमच्याकडेच तोंड करून बसलं होतं.

"आमच्या घरी," ती म्हणाली, "लवंग खातेत."

५

माळावर माणसं जमू लागली होती. बैलगाड्या सोडलेल्या, झाडाखाली भाकरी उघडलेल्या. फुगेवाला आला होता, गुडदाणीवाला आला होता. मरण पाहायला निघालेल्या गर्दीच्या तोंडावर आणि जत्रेच्या गर्दीच्या तोंडावर मला कधी फरक दिसलेला नाही. जो तो लाल हात पाहायला गोदामाच्या दारात मान घालून जाई आणि बाहेर येऊन अधिक मोठ्यानं बोले.

लखीरामांनी गोदामापुढं बाज टाकायला लावली. वर उभे राहून ठाणेदारी आवाजात म्हणाले, "बाप्पाहो, आइका! हा हात पंचफुलाबाईचा नाई. चुना असलेल्या डाव्या हाताचा हाय. गोदामाची सावली त्या निंबाले टेकली का काल अंदर गेलेल्या तिघाईचे डावे हात हळदीत बुडवाचे. लाल होईन थो चोर."

मी त्यांचं धोतर ओढलं. "ठाणेदार, हे आधी काहून सांगतलं? चोर हात धुवून येईन ना!"

"येऊ दे."

"मंग सापडन कसा?"

"अडते, तुह्या दुकानात ओला कापूस घेऊन येणारा माणूस कसा सापडते?"

"वर कोरडी बोंडं लावून आणते. जरा जास्तच कोरडी."

"मंग?" म्हणाले, आणि विडी पेटवून स्वस्थ बसले.

सावली सरकत होती. रामकिसननं चामडी टोपी घातली. बाबूसिंगनं विमान ढकलून बाहेर काढलं; उन्हात ते इतकं पांढरं दिसलं की गर्दीनं डोळ्यांवर हात धरले. त्या पांढऱ्यावर तो लाल तळवा. गोजराबाई ताट घेऊन आली.  ताटातली हळद कडेवर चढत होती.

पहिला चंपत. त्यानं डावा हात बुडवून तळवा वर केला. पिवळा.

"उजवाही दाखव," लखीराम म्हणाले.

उजवा तळवा बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. गर्दीतून आरोळी उठली. "चंपत्या! मारा चंपत्याले!" दोन-तीन काठ्या वर झाल्या. चंपत पांढराफटक पडला.

"खबरदार!" लखीराम गरजले. "विमानावर डावा हात हाय. हा गडी डावखुरा. तंबाखू उजव्या हातावर मळते, डाव्या अंगठ्यानं. याच्या डाव्या तळव्याले चुना लागतच नाई. बाजूले हो रे चंपत."

दुसरा बाबूसिंग. तेलकट काळा तळवा, वर मळकट पिवळा थर. लाल नाही.

तिसरा शालिग्राम. तो शांतपणे पुढं आला, काकीच्या पायांना वाकला, आणि डावा हात ताटात बुडवून वर धरला.

पिवळा. लख्ख, स्वच्छ, चाफ्यासारखा पिवळा.

तिन्ही डावे हात पिवळे. माझा सगळा हिशेब तिथंच बुडाला. रामकिसन हसला आणि विमानाच्या पायरीवर पाय ठेवला.

"झालं ना आई? आता उडू दे."

६

"एक मिनिट, छोटे देशमुख," लखीराम म्हणाले. ते बाजेवरून उतरले, शालिग्रामचा हात मनगटाशी धरला आणि देवाच्या फुलासारखा नाकाशी नेला.

"अडते, वास घे."

मी घेतला. हळदीच्या वासाखाली दुसरा वास होता. आंबट, ताजा.

"लिंबू," मी म्हणालो.

"तिघाईत एकच हात चोळूनमाळून आला. लिंबानं चुना मरते, हे कुंकू करणाऱ्या घरातल्या माणसाले ठावं असते. आता मले सांगा शालिग्रामदादा, ज्यानं तंबाखू सोडली, ज्याच्या हाताले चुना शिवतच नाई, त्यानं हाताले लिंबू काहून चोळलं?"

शालिग्रामच्या ओठांतली लवंग हलायची थांबली.

"पंचफुलाबाई, अथी या," लखीराम म्हणाले. "भेऊ नका. तुमचा हात त्या हातावर ठेवा."

गर्दी दुभंगली. पंचफुला आली. तिनं उजवा हात लाल हातावर टेकवला, आणि साऱ्या माळाला दिसलं ते मला सकाळीच दिसलं होतं आणि तरी दिसलं नव्हतं. तिचा अंगठा नाकाकडे गेला. खालचा अंगठा शेपटाकडेच राहिला. शिवाय खालची बोटं तिच्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती.

"बंदे रंग पाहत राह्यले. अंगठा कोणी पाह्यलाच नाई. पाच सवाष्णी उजवा हात लावतेत. रात्री कोणं तरी पाचवा हात पुसून आपला डावा उमटवला. काहून डावा? उजवा वार्निशानं चिकट झाला व्हता, हळद धरत नव्हता. डाव्यात तंबाखू मळली व्हती, त्याचा चुना राह्यला. दिव्याच्या उजेडात पिवळं-लाल कळत नाई, सकाळी कळलं. अन् वार्निश रात्री उघडलं व्हतं, थे अडत्याच्या नाकाले कळलं, डोक्याले नाई. सकाळी याले केळ्याचा वास आला. पूजेच्या ताटात केळं व्हतं काय, बाई?"

"नारळ व्हता," गोजराबाई पुटपुटली. "गूळ, चणे."

शालिग्राम हसला. हसणं छान जमलं त्याला. "हाव. मी चोरून तंबाखू खातो. लोकलाजेनं लिंबू चोळलं. दिवा सारताना बाईचा हात पुसल्या गेला, म्या पुन्हा लावला. हात उमटवणं गुन्हा हाय काय ठाणेदार?"

"नाई बाप्पा. मुळीच नाई." लखीरामांनी विमानाच्या मागच्या बैठकीकडे बोट दाखवलं. "ही जागा रिकामी हाय. पहिल्या फेरीले थोरला भाऊ संगं पाह्यजे. बसा."



रामकिसननं हात पुढं केला. "ये दादा. लहानपणी तू मला बैलावर बसवायचा."

शालिग्रामनं पुढं केलेल्या हाताकडे पाहिलं. मग विमानाकडे. त्याचा पाय उचललाच नाही. कपाळावरून घाम उतरून माळेत गेला. तो एक पाऊल मागं सरला, आणि तेवढ्या एका पावलात गोजराबाईला सगळं कळलं. ताट तिच्या हातून पडलं.

"बाबूसिंग," लखीराम म्हणाले, "पाचव्या हातावर पातं चालव."

बाबूसिंगनं कापड चिरलं. आतून ताज्या ठिगळाचा पदर निघाला, अजून कडेला ओलसर. नव्या पांढऱ्या रंगावर ठिगळ दिसलं असतं; हळदीच्या जाड हाताखाली दिसलं नसतं. म्हणून तर शेपटाच्या तारेवर आलेला शेवटचा, बायकोचाच हात निवडला होता. मिस्त्रीनं बोट आत घातलं आणि शेपटाकडे जाणारी पोलादी तार बाहेर ओढली. कानशीनं घासून घासून तिच्या पिळातले दोन धागे तेवढे ठेवले होते.

"जमिनीवर चालली असती," बाबूसिंग म्हणाला.  "वर जाईपर्यंतही. उतरताना साहेबानं दांडा ओढला असता आणि..."

रामकिसननं चामडी टोपी काढली. सकाळपासून पहिल्यांदा तो त्याच्या वयाचा दिसला.

"हरिपाठ म्हणत घासली?" सोमला मागून म्हणाला. "मी बाहेरून हात जोडून आइकत व्हतो, दादा."

शालिग्राम कुणाकडेच पाहत नव्हता. पट्टीकडे पाहत होता. "माह्या बानं त्या वावरातले गोटे येचता येचता जीव सोडला," तो म्हणाला. आवाज अजून हळूच होता. "म्या इसार न घेता देल्लं. 'हाव' म्हणलं. कोणी एकदा तरी पुसाचं व्हतं, शालिग्राम, तुले काय वाटते? यानं तथी चाकं फिरवली, अन् माह्याच हळदीनं पूजा केली."

गोजराबाई त्याच्यासमोर आली. मला वाटलं, मारते. तिनं त्याच्या उपरण्याला आपले हळदीचे हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"माहा पोरगा पडला असता," ती म्हणाली, "तं मी रडताना माह्यापाशी तूच बसला असता ना रे? पाणी तूच पाजलं असतं."

त्यानं मान खाली घातली. 

मंगरूळपीरहून पोलीस आले, शालिग्रामला घेऊन गेले. दमणीत बसताना त्याचा हात सवयीनं लवंगेच्या डबीकडे गेला. पंचफुलेनं ती आधीच काढून घेतली होती.

विमान उडालं ते ज्येष्ठात. तार बदलली, चंपतनं चिरलेली जागा पुन्हा रंगवली, आणि या खेपेला शेपटावर मोर राहिला. गोजराबाई स्वतः पंचफुलेच्या दारी गेली, ताट घेऊन. पाचवा हात तिनंच लावला पाहिजे, म्हणाली. ज्या बायकांनी घागरी अर्ध्या टाकल्या होत्या त्या मागं उभ्या होत्या, पदर सारखे करत.

पंचफुलेनं हात लावला. अंगठा नाकाकडे. मग हात न धुताच ती गर्दीतून निघून गेली.

विमान वर चढलं तेव्हा सगळ्यांच्या माना वर होत्या. मी अडत्या, मला वर पाहून काही कळत नाही. मी खाली पाहिलं. पट्टीवर चाकांची खोल चाकोरी पडली होती, आणि तिच्या कडेला, खणताना चुकून राहिलेल्या कंदाला हळदीचा एक हिरवा कोंब आला होता. पंचफुला त्याच्यापाशी बसली होती.

मला वाटलं, उपटेल. तिनं पिवळ्या हातानं त्याला माती लावली, आणि विमान परत उतरायच्या आत वाटेतून बाजूला झाली.